खडक आढळून आला नाही

दांडपाड्याच्या शाळेपासून समुद्र एक्केचाळीस पावलांवर आहे. ही पावलं कार्मिनने स्वतः मोजली होती, कारण अर्जात ‘शाळेपासून प्रस्तावित स्थळाचे अंतर’ असा एक रकाना होता आणि मोजण्यासारखी गोष्ट न मोजता सोडणं तिच्या स्वभावात नव्हतं. अडचण एवढीच, की सकाळी एक्केचाळीस भरलेली पावलं दुपारी दोनशेच्या वर गेली आणि संध्याकाळी तेवीसवर आली.

“यातला कंचा आकडा लिवायचा गो?” तिने सुनेला विचारलं.

शर्लिनने मोबाइलवरून मान न उचलता ‘अंदाजे तीस मीटर’ असं लिहिलं. “आय, त्यांना खरं नको असतं. भरलेला रकाना हवा असतो.”

कार्मिनला हे नवं होतं. त्रेसष्ट वर्षांच्या आयुष्यात रिकाम्या टोपलीला भरलेली म्हणून कोणी विकत घेतल्याचं तिला ठाऊक नव्हतं. ती बराच वेळ त्या रकान्याकडे पाहत राहिली. कधी न पाहिलेल्या जातीचा मासा जाळ्यात आला की त्याच्याकडे पाहावं, तशी.

जून महिना होता. मासेमारी बंद. राजोडीच्या उत्तरेकडच्या या पाड्यातल्या होड्या वाळूवर ओढून, निळ्या प्लास्टिकात गुंडाळून ठेवलेल्या. पुरुष ओट्यावर जाळी सांधत होते, बाया सुकटीचे डबे पुन्हा पुन्हा उघडून बुरशी बघत होत्या. एरवी या दिवसांत कार्मिन पाय पसरून गुडघ्यांना तेल चोळत बसली असती. यंदा तिने शाळेत शिकवण्याची परवानगी मागायचं ठरवलं होतं. आणि ती दसऱ्याच्या सुट्टीच्या आत हवी होती.

दसऱ्याच्या आत का, हे पाड्यात कोणाला सांगावं लागत नव्हतं.

गेल्या साली दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी शाळेतल्या तीन मुली काळ्या खडकावर खुबे-शिंपल्या वेचायला गेल्या होत्या. समुद्र समोरून येतो अशी ज्यांची समजूत असते ते समोर बघत बसतात. काळ्या खडकावर पाणी मागून येतं. खडक आणि किनारा यांच्यामध्ये घळ आहे, ती आधी भरते. खडक मात्र वर कोरडाच असतो. त्या दिवशी कार्मिन आणि तिची शेजारीण नर्मदा त्याच खडकावर कालवं फोडत होत्या. साडेचार झाले तशी कार्मिनने कोयती कमरेला खोचली आणि पाड्याच्या रीतीप्रमाणे मोठ्याने हाक दिली, “पेरं भरली!” नर्मदा उठली. दोघी घळ ओलांडून वाळूवर आल्या.

मुली उठल्या नाहीत. त्या पाड्यातल्या नव्हत्या. मागच्या चाळींतल्या, रिसॉर्टच्या चौकीदारांच्या, गवंड्यांच्या, कुठून कुठून आलेल्या माणसांच्या. ‘पेरं भरली’ म्हणजे निघा, हे या किनाऱ्यावर जन्मलेल्या कुत्र्यालाही कळतं असं कार्मिन धरून चालली होती. मुलींना वाटलं, म्हातारी आपल्या मैत्रिणीशी काहीतरी बोलते आहे. दोघींनी मागे वळून पाहिलं तेव्हा घळीत पाणी कमरेएवढं होतं. दोन मुलींना त्यांनी ओढून आणलं. तिसरी, चौथीतली खुशबू, दुसऱ्या दिवशीच्या ओहोटीत सापडली.

चौकशी झाली. चौकशीअंती शाळेच्या भिंतीवर ‘समुद्रात जाण्यास सक्त मनाई’ असा पत्र्याचा फलक लागला. तो वर्गाच्या बाजूला तोंड करून लागला. म्हणजे जी मुलं बाकावर बसलेली आहेत, त्यांना तो उत्तम वाचता येत असे.

*

मुख्याध्यापक भालचंद्र गुरुजी भला माणूस होता. निवृत्तीला दोन वर्षं उरलेल्या भल्या माणसाला जितकं भित्रं होणं भाग असतं, तितका भित्राही होता.

“कार्मिनबाई, तुम्ही नेमकं काय शिकवणार?”

कार्मिनने डावा हात पुढे केला. अंगठ्याने करंगळीच्या मुळाचं पेर दाबलं. “ही पाडवा. ही बीज. ही तीज. एका बोटाची तीन पेरं, पाच बोटांची पंधरा. पंधरा तिथी. पुनवेला न् अवसेला बारा वाजता पानी भरलेलं असतं. तिथून दर पेराला पाऊण तास पुढं. आज काय?”

गुरुजींनी भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं. “अष्टमी.”

“आठ पेरं. आठ पाऊन सहा. सहाला भरती, बाराला ओहोटी. ओहोटी सरून पानी फिरलं, की एक बोट मोजायचं, तीन पेरं, सव्वादोन तास. तेवढं सरलं, की खडकावर कोनी थांबायचं नाय. पेरं भरली. एवढंच हाय, गुरुजी. एका शनवारात येतं.”

गुरुजी आपल्याच बोटांकडे पाहत राहिले. “हे तुम्ही तिथीवर करता? तुमच्यात, म्हणजे चर्चमध्ये...”

“पाद्रीबाबा रविवार सांगतात. पानी तिथी सांगतं. दोघांचं भांडन नाय.”

गुरुजी हसले, आणि लगेच गंभीर झाले. मुलांना शिकवायला माणूस बाहेरून येणार असेल, तर आधी शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव लागतो. मग केंद्रप्रमुखांची शिफारस. मग तालुक्याच्या कार्यालयाची मान्यता. “तुमचा बचतगट बाह्य संस्थेत पडतो,” ते म्हणाले.

“बाह्य म्हंजे?”

“बाहेरची.”

कार्मिनने खिडकीतून पाहिलं. शाळेच्या कुंपणाला तिच्या सासऱ्याने लावलेला माड टेकलेला होता. ज्या जागेवर वर्ग उभा होता, तिथे तिच्या लग्नात मांडव पडला होता. गुरुजी स्वतः रोज विरारहून येत.

“बरं,” ती म्हणाली. “बाहेरच्यांनी कुटून आत यायचं, ते सांगा.”

*

तालुक्याच्या कार्यालयात धवल नावाचा तरुण लिपिक होता. त्याच्या टेबलासमोर उभं राहिलं, की तो आधी सुकटीची टोपली बाहेर ठेवायला सांगे आणि मग खिडकी उघडे. टोपली बाहेर गेल्यावरही तो खिडकी उघडीच ठेवी, हे कार्मिनच्या पहिल्याच दिवशी लक्षात आलं. बसमध्ये पदर नाकाला लावणाऱ्या बायांची तिला सवय होती. त्यामुळे तिला राग आला नाही, तिने फक्त नोंद घेतली.

“मावशी, संस्थेची नोंदणी?”

सोबत आलेल्या नर्मदाने बचतगटाचं प्रमाणपत्र काढून दिलं. ते तिने पिशवीत, पिशवी प्लास्टिकात आणि प्लास्टिक ब्लाउजात ठेवलं होतं.

“शिकवणाऱ्याची शैक्षणिक अर्हता?”

“दुसरी,” कार्मिन म्हणाली. “ही तिसरी. पन हिला परीक्षेला ताप आलावता.”

“चारित्र्य पडताळणी लागेल. पोलीस ठाण्यातून.”

“हिचं?” नर्मदा खदखदून हसली. “बाय, त्रेसष्टाव्या साली तुझ्या चारित्र्याला गिऱ्हाईक मिलालं गो!”

धवल हसू दाबत पुढच्या रकान्याकडे वळला. “अध्ययन निष्पत्ती. म्हणजे या उपक्रमामुळे विद्यार्थ्यांमध्ये मोजता येण्याजोगा बदल कोणता होईल? इथे तुम्ही लिहिलंय...” तो थांबला. शर्लिनने सासूने सांगितलेलं जसंच्या तसं प्रमाण भाषेत उतरवलं होतं: ‘विद्यार्थी जिवंत राहतील.’

“मावशी, असं नाही लिहीत. हे मोजता येत नाही.”

“आमी मोजलं ना,” कार्मिन म्हणाली. “गेल्या साली तिघी गेल्या. एक कमी भरली.”

धवलने ती ओळ खोडली आणि वर बारीक अक्षरात लिहिलं: ‘भरती-ओहोटीविषयी जाणीव निर्माण होईल.’ त्याच्यात वाईट काही नव्हतं. मरण ज्या भाषेत मावत नाही ती भाषा त्याला शिकवण्यात आली होती, आणि तो ती शुद्ध लिहीत होता.

त्यानंतर कार्मिनच्या फेऱ्या सुरू झाल्या. राजोडीहून रिक्षा, पुढे बस, पुढे चालत. बाकावर बसून बसून तिचे गुडघे सुजत. पण ती ज्या नजरेने तिथे बसे, ती गाऱ्हाणं घेऊन आलेल्या बाईची नजर नव्हती. कागद इथे येतो, आवक वहीत त्याचा नंबर पडतो, मग तो गठ्ठ्यात खाली जातो, कधी वर येतो: हे सगळं तिला पाण्यासारखं वाटू लागलं. आणि पाणी म्हटलं, की त्याला वेळ असणारच. तिसऱ्या आठवड्यात तिने नर्मदाला सांगितलं, “सोमवारी कागद हलत नाय, साहेब मीटिंगला. मंगळवारी जेवनाआधी सही होते. गुरुवारी सगलं सुकं. शुक्रवारी थोडं पानी येतं, पन कपाट लावायच्या आत परत जातं.”

“तू काय कचेरीची पेरं मोजतेस काय गो?”

“मोजून झाली. आपला कागद मंगळवारी वर ठेवायला लागल.”

मंगळवारी अकरा वाजता तिने धवलला विचारलं, “बाबा, तुझ्या गठ्ठ्यातला सगल्यात खालचा कागद मना बघायला मिलल काय? कसा असतो तो?” अशा प्रकारचा प्रश्न त्याला कोणी कधी विचारला नव्हता. त्याने कुतूहलाने खालचा कागद ओढला. तो तिचाच होता. आणि एकदा हातात आलेला कागद पुन्हा तळाशी घालायला माणसाला लाज वाटते. जेवणाआधी सही झाली.

मान्यता नव्हे, पाहणी. विस्तार अधिकारी स्वतः प्रस्तावित स्थळाला भेट देऊन अहवाल देणार होते. श्रावण वद्य चतुर्दशी, शनिवार, सकाळी साडेदहा.

कार्मिनने उभ्या उभ्या पेरं मोजली. अंगठा अंगठ्याला लागत नाही म्हणून शेवटच्या दोन्हींसाठी दुसरा हात लागला. “बाबा, या टायमाला नको. चौदा पेरं, साडेदहा. पानी डोक्यावर असल. वर उधानाचं. साडेचारला ओहोटी, तिच्या तीन पेरं आधी खडक वर येतो. सव्वादोननंतर या म्हनावं.”

“मावशी, पत्र जावक झालंय.”

“मग?”

“जावक झालेलं पत्र बदलत नाही,” धवल म्हणाला, आणि ही गोष्ट त्याने अशा सहजपणे सांगितली, की चंद्रानेच काय ते समजून घ्यावं.

*

साहेब साडेदहाला दहा मिनिटं असताना आले. पॉलिश केलेले बूट, बगलेत फाइल, मागे छत्री धरलेला धवल. पाऊस तिरका येत होता. भालचंद्र गुरुजींनी मुलांना व्हरांड्यात ओळीत उभं केलं होतं, पाड्यातल्या आठ बाया धुतलेली लुगडी नेसून आल्या होत्या. नर्मदाने थर्मासमधून चहा आणला होता; साहेबांनी कपाला ओठ लावून तो तसाच कुंपणावर ठेवला.

“प्रस्तावित स्थळ दाखवा.”

कार्मिनने हात केला. समोर पाण्याचे राखाडी डोंगर उठत होते. शे-सव्वाशे पावलांवर एका जागी फेस जरा जास्त फुटत होता.

“तिथं.”

“तिथे समुद्र आहे.”

“त्याच्या खाली खडक हाय, साहेब. सव्वादोनला वर येल. जेवन इथंच करा. बोंबलाचं कालवन केलंय.”

साहेबांनी घड्याळ पाहिलं. साडेबाराला त्यांना दुसऱ्या एका शाळेत जायचं होतं. तिथे एका मोठ्या प्रतिष्ठानचा हात धुण्याचा उपक्रम होता, त्याला मान्यता अर्ज केल्याच्या आठवड्यातच मिळालेली होती. “मी जे पाहतो तेच लिहितो, बाई,” ते म्हणाले. प्रामाणिक माणूस असावा. त्यांनी फाइल उघडली, कागद भिजू नये म्हणून धवल वाकला, आणि त्यांनी पाहिलं ते लिहिलं.

अहवाल भाद्रपदात आला. गुरुजींनी तो कार्मिनला वाचून दाखवला. ‘प्रत्यक्ष पाहणीत प्रस्तावात नमूद केलेला खडक स्थळावर आढळून आला नाही. सबब उपक्रमाची आवश्यकता सिद्ध होत नाही. प्रस्ताव त्रुटी पूर्ततेसाठी परत.’

नर्मदा म्हणाली, “म्हंजे आता काय, खडक घेऊन जायचा तालुक्याला?”

कार्मिनने कागद हातात घेतला, उलटा केला, मागची कोरी बाजू पाहिली. तिला खरोखर जाणून घ्यायचं होतं: ज्या खडकावर पोर मेली तो खडक नाही असं लिहिताना माणसाचा हात कुठे अडत असेल? अक्षर सरळ होतं. कुठेच अडलेला नव्हता.

“गुरुजी,” ती म्हणाली, “दसऱ्याला एक महिना उरला.”

गुरुजींनी चष्मा पुसला. मग ते कपाटाकडे गेले आणि शाळेचं वेळापत्रक घेऊन आले. बोट ठेवून त्यांनी वाचलं: “परिपाठ. प्रार्थना, प्रतिज्ञा, सुविचार, दिनविशेष, पंचांग. रोज एक मूल आजची तिथी सांगतं. हे मंजूर आहे. इकडे गणित: पाढे. पाऊणकी हल्ली कोणी घेत नाही, पण घेऊ नका असंही कुठे लिहिलेलं नाही.” बत्तीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी केलेलं हे पहिलंच बंड असावं. “तिथी सांगायची आणि तिची पाऊणकी म्हणायची. याला बाहेरचं कोणी लागत नाही.”

“न् मी?”

“तुम्ही कुंपणापलीकडे जाळं सांधत बसा. तुमचीच जागा आहे. मुलं चुकली तर खोकायचं.”

*

दुसऱ्या दिवसापासून कार्मिन माडाखाली बसू लागली. सकाळी साडेदहाला चाळीस मुलांचे चाळीस डावे हात वर जात. “आज सप्तमी! सात पाऊण सव्वापाच!” पहिले काही दिवस तिला इतकं खोकावं लागलं, की पाड्यात तिला क्षय झाल्याची बातमी पसरली आणि शर्लिनने डॉक्टरकडे नेण्याचा हट्ट धरला.

सर्वांत जास्त चुकत होती ती तिसरीतली रिद्धी. खुशबूची धाकटी बहीण. ती हात वर करी, पण पेरं मोजत नसे. समुद्राकडे पाठ करून उभी राही. कार्मिन तिच्यासाठी खोकत नसे. आठवड्याने रिद्धी आपणहून कुंपणाशी आली.

“आजी, दीदीच्या दिवशी किती होते?”

‘चल बाळा, दुसरं काही बोलू’ असं म्हणणारी माणसं या मुलीला वर्षभर भेटली असणार. “एकादशी होती. मोज.”

रिद्धीने मोजलं. ओठ हलत होते. “सव्वाआठ. भरती. मग ओहोटी... सव्वादोन.” तिने एक बोट पुढे केलं, तीन पेरं दाबली. “साडेचार.” मग म्हणाली, “तुम्ही तेव्हाच ओरडल्या होत्या ना? ती दुसरी दीदी बोलली. तुम्ही काहीतरी ओरडल्या.”

“ओरडले. तुमच्या भाषेत नाय ओरडले.”

“काय ओरडल्या?”

कार्मिनने सांगितलं. मुलीने ते दोन शब्द हळू आवाजात म्हणून पाहिले, जिभेवर नवी चव घ्यावी तसे, आणि वर्गात गेली.

दसरा आला, गेला. सुट्टीत मुलं खडकावर गेली. पत्र्याच्या फलकाने ती पूर्वीही थांबली नव्हती. त्या आठ दिवसांत कार्मिन रोज वाळूवर बसून राहिली, हात मांडीवर आवळून. आठही दिवस मुलं वेळेत परतली.

दिवाळीनंतर शाळा उघडली तेव्हा टेबलावर पत्र होतं. ‘फेरपाहणी: कार्तिक शुद्ध त्रयोदशी, सोमवार, सकाळी दहा वाजता.’ गुरुजींनी ते परिपाठात वाचून दाखवलं. त्यांचं वाचून संपायच्या आत ओळींमधून हसू फुटलं, आणि मागून कोणीतरी ओरडलं, “गुरुजी, तेरा पाऊण पावणेदहा! साहेब खडक परत बुडवणार!”

साहेब आले. आज ऊन होतं, समुद्र काठोकाठ आणि गुळगुळीत. त्यांनी बराच वेळ डोळ्यांवर हात धरून पाहिलं.

“खडक कुठे आहे?”

त्यांनी कार्मिनला विचारलं होतं. ती कुंपणापलीकडे जाळ्यात मान घालून होती. उत्तर व्हरांड्यातून आलं. चाळीस आवाज एकदम म्हणाले, “दीड वाजता!”

साहेब वळले. “हे यांना कोणी शिकवलं?”

“पाढे आहेत, साहेब,” भालचंद्र गुरुजी म्हणाले. “अभ्यासक्रमातलेच.”

धवलने, साहेबांच्या पाठीमागे, आपला डावा हात उघडून पाहिला आणि पेरं मोजायला सुरुवात केली. साहेबांनी घड्याळ पाहिलं. दीड वाजेपर्यंत थांबण्याची तरतूद नव्हती. त्यांनी फाइल उघडली, काही लिहिलं, मिटली आणि ते गेले. काय लिहिलं हे कळायला अजून काही महिने जातील. कार्मिनने ते विचारलंही नाही.

दीड वाजता खडक वर आला. शाळा सुटल्यावर, पाचच्या सुमारास, मुलं घळ ओलांडून त्यावर गेली. कार्मिन आणि नर्मदा आधीपासून तिथे कालवं फोडत होत्या. यंदा कालवं भरलेली होती; एका जागी तर इतकी दाट, की कार्मिन कोयतीचा ठोका आणि बोटाचा चिमटा याखेरीज सगळं विसरली. सूर्य पाण्याला टेकला. पाठ भरून आली होती, पण अजून एक, अजून एक, असं करत ती खडकाच्या पुढच्या कडेपर्यंत सरकली होती.

मागून आवाज आला. बारीक, चिरका, आणि कुठल्याही कोळणीला शोभेल इतका खणखणीत.

“पेरं भरली!”

मुलं पिशव्या उचलून धावत सुटली. रिद्धी घळीच्या अलीकडे उभी होती, डाव्या हाताचं एक बोट उजव्या मुठीत घट्ट धरून. सगळी गेली तरी ती हलली नाही.

“आजी! तुम्हाला पण!”

“हे एवढं एक फोडते गो,” कार्मिन म्हणाली.

“नाय,” रिद्धी म्हणाली. “सहा वाजले.”

कार्मिनने कोयती कमरेला खोचली, टोपली डोक्यावर घेतली. घळीत पाणी घोट्याएवढं आलं होतं. पुढे नर्मदा, मध्ये कार्मिन, आणि सगळ्यांच्या मागे, पाण्याकडे तोंड करून एक एक पाऊल मागे टाकत, ती मुलगी.